प्रामाणिकपणाचा डबा

मंगळवार पेठेतल्या तालमीमागच्या बालवाडीत २००२ सालच्या जून महिन्यात प्रामाणिकपणा सुरू झाला. त्याआधी तिथं नुसती मुलं येत होती.

सुरू केला तो सौंदर्याबाईंनी. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि त्या एका खोलीत गाणी म्हणवून घेत, नाकं पुसत, रडणाऱ्यांना कडेवर घेत त्यांची अकरा वर्षं गेली. काम मन लावून करायच्या, त्यात खोट नव्हती. पण घरी कुणी पाहुणं आलं की सासरे सांगायचे, "सून व्हय? ती पोरं सांभाळायला जाती." शिक्षिका हा शब्द त्या घरात कुणाच्या तोंडून कधी निघाला नाही आणि बाईंना तो एकदा तरी ऐकायचा होता. माणसाला एवढंसंच काहीतरी हवं असतं. त्यापायी ते कुठवर जातं, हे मात्र आधी कुणी सांगू शकत नाही.

मे महिन्यात जयसिंगपूरला बालवाडीच्या शिक्षिकांचं शिबिर झालं. तिथं एका वक्त्यानं सांगितलं, की संस्कार तोंडानं सांगून होत नाहीत. मूल चांगलं वागलं की चारचौघांत त्याचं कौतुक करा, ते तसंच वागत राहील. बाईंनी हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वक्ता खोटं बोलला नव्हता. कौतुक झालं तशीच मुलं वागत राहिली, तक्रारीला जागाच नाही.

बाईंनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला सोनेरी कागद चिकटवला आणि तो टेबलावर ठेवला. कुणाला हरवलेली वस्तू सापडली, की त्यानं हात वर करून "बाई, सापडलं!" म्हणायचं आणि ती डब्यात टाकायची. मग सगळ्या वर्गानं तीन टाळ्या वाजवायच्या. त्या मुलाच्या कपाळावर चंदेरी कागदाचा तारा लागायचा, फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचे प्रामाणिक बाळ' या अक्षरांखाली रंगीत खडूनं नाव लिहिलं जायचं आणि वहीत नोंद व्हायची. शिवाय एक नियम होता. वस्तू आणून देणाऱ्याला उलटसुलट काही विचारायचं नाही. कुठं सापडली, कशी सापडली, काही नाही. मुलावर विश्वास टाकला पाहिजे, हेही शिबिरातलंच. हा नियम बाईंनी मुलांकडून ठेक्यात पाठ करून घेतला होता. बाई म्हणायच्या, "आणून देणाऱ्याला?" आणि सव्वीस मुलं ओरडायची, "काही विचारायचं नाही!" शेजारच्या तालमीत जोर काढणारे पैलवान त्या आवाजानं मध्येच मोजणी चुकायचे.

पहिल्या आठवड्यात डब्यात चार वस्तू आल्या. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. तिसऱ्या आठवड्यात अशी पाळी आली, की पाण्याला म्हणून कुणी उठलं, की त्याची पेन्सिल सापडायची. नाक शिंकरून रुमाल क्षणभर मांडीवर ठेवला, की तो सापडायचा. रिबिनी तर वेणीला असतानाच सापडू लागल्या. बाईंनी वही उघडून बेरीज केली आणि त्यांचा ऊर भरून आला. महिन्याभरात प्रामाणिकपणा दहा पटींनी वाढला होता.

या सगळ्यात पुढं होता मल्लेश. मल्लेश म्हणजे महालिंगअण्णांचा नातू. अण्णांचा गुळाचा व्यापार होता आणि बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. या पाच वर्षांच्या पोराला बालवाडीत काय काय सापडलं म्हणता? अज्जाचा, म्हणजे अण्णांचाच, अडकित्ता सापडला. आईच्या दोन बांगड्या सापडल्या. चष्म्याचं घर सापडलं. एकदा तर त्यांच्याच देव्हाऱ्यातली घंटा सापडली. ही घंटा घरातून निघून, रस्ता ओलांडून, तालमीला वळसा घालून बालवाडीत कशी आली, हे विचारायला नियमाची आडकाठी होती.

घंटा न्यायला अण्णा स्वतः आले. त्यांनी ती कपाळाला लावली आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "बाई, आमच्या घरातली घंटा हितं हरवती काय, आणि आमच्याच नातवाला घावती काय! याला म्हणायचं संस्कार."

मुलांचं एक वेळ राहू द्या, पण आयांच्याही अंगात वारं शिरलं. एके दिवशी शिवानीची आई दारातच उभी राहिली. "बाई, म्हैना झाला, आमच्या शिवानीला एक तारा न्हाय. शेजारीण इचारती, तुमची पोरगी लबाड हाय काय म्हणून. तिला बी काय तरी सापडू द्या की!"

बाईंना हे पटलं. कुणावर अन्याय नको, म्हणून त्यांनी वेळापत्रक केलं. सोमवारी अमक्यासमोर रुमाल पाडायचा, मंगळवारी शिवानीसमोर कंगवा. शिवानी आपली गाण्याच्या नादात कंगवा ओलांडून गेली. बाईंनी पुन्हा पाडला, तिनं पुन्हा ओलांडला. तिसऱ्या खेपेला बाई कानात म्हणाल्या, "शिवानी, खाली बघ." मग शिवानीला संस्कार लागला.

अशा रीतीनं पंचवीस मुलं प्रामाणिक झाली. राहिला एक सार्थक.

सार्थक हा अंबूबाईंचा नातू. अंबूबाई बालवाडीत मदतनीस होत्या. झाडलोट, पाणी भरणं, मुलांना परसाकडला नेणं, उसळ शिजवणं, सगळं नऊ वर्षं त्याच करत होत्या. खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. मुलगा-सून गावाकडं ऊसतोडीला गेल्यापासून सार्थक आजीपाशी होता. बाईंनी वेळापत्रकाप्रमाणे त्याच्यासमोरही कंगवा पाडला. त्यानं तो उचलला आणि पळत येऊन बाईंच्या हातात दिला.

"बाई, तुमचा कंगवा पडला."

"शाब्बास. आता 'बाई, सापडलं' म्हण आणि डब्यात टाक."

"पर तुमचाच हाय की."

"असू दे रे. टाक डब्यात, मग तुला तारा देते."

सार्थकनं कंगव्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. "सापडलं कुठं बाई? तुमीच तर पाडलासा. मी बघितलं की."

तारा काही मिळाला नाही. असं तीन-चारदा झालं. ज्याची वस्तू त्याच्या हातात नेऊन द्यायची, ही त्या पोराची वाईट खोड काही सुटेना. टाळ्या वाजायला वावच राहायचा नाही, वहीत काय लिहिणार? दिवाळीआधी प्रगतिपत्रकं भरताना बाईंनी सार्थकच्या नावापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रामाणिकपणा : प्रयत्न आवश्यक.' तोच शेरा वहीतही उतरवला.

अंबूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद बाईंसमोर धरला. बाईंनी जरा आढेवेढे घेत वाचून दाखवलं. अंबूबाईंचा चेहरा उतरला.

"कुणाचं काय घेतलं का त्यानं? मला सांगा बाई. मी बघती त्याला."

"छे छे, घेतलं नाही हो काही. पण आणून देत नाही ना डब्यात."

अंबूबाईंनी थोडा विचार केला. "घेतलंच न्हाय, तर आणून काय देणार?"

बाई हसल्या. बिनशिकलेल्या बाईला मूल्यशिक्षण कुठं समजावत बसायचं?

जानेवारीत बातमी आली. संस्कारक्षम बालवाडीचा जिल्ह्याचा पुरस्कार निघाला होता आणि निवड समिती तालमीमागं येणार होती. पुरस्कार मिळाला, तर डब्याचा उपक्रम जिल्ह्यातल्या बालवाड्यांत जाणार होता आणि शिबिरं घ्यायला मार्गदर्शिका म्हणून जाणार होत्या सौंदर्याबाई. अकरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "कवा येणार म्हणं ती समिती?" त्या एका प्रश्नासाठी बाईंनी आठवडाभर खोली सजवली.

शनिवारी सकाळी समितीचे तिघं आले. प्रमुख होते गणपतराव, निवृत्त हेडमास्तर. मनानं सरळ, बोलायला गोड आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ दर पाच मिनिटांनी बघणारे. अण्णा नवं धोतर नेसून हजर होते. फराळाला पोहे आणि जयसिंगपूरचं भडंग होतं. गणपतरावांनी हात धुताना घड्याळ काढून नळाजवळच्या खिळ्याला अडकवलं. अंबूबाईंनी टॉवेल दिला. फराळ झाला, चहा झाला, वही चाळून झाली. "व्वा, पाचशे अठरा नोंदी!" म्हणत गणपतरावांनी सवयीनं मनगट बघितलं आणि मनगटावर काहीच नव्हतं. खिळ्यावरही नव्हतं.

आता सभ्य माणसांची रीत अशी, की कुणी कुणावर आळ घेत नाही. नुसतं विचारतात. अण्णांनी नुसतं विचारलं, "नळापाशी टावेल घिऊन कोन हुतं?"

सगळ्यांनी नुसतं अंबूबाईंकडं बघितलं.

दारामागं अडकवलेली आपली कापडी पिशवी अंबूबाईंनी आणली आणि सतरंजीवर सगळ्यांसमोर उलटी केली. फडक्यात बांधलेली भाकरी पडली, तंबाखूची डबी पडली, सार्थकचा स्वेटर पडला. मग त्यांनी रिकामी पिशवी दोन्ही टोकांना धरून फटाफटा झाडली, तेव्हा भाकरीचा थोडा चुरा पडला. "बघा," त्या म्हणाल्या. "झालं मनासारखं?"

आणि रांगेतून सार्थकचा आवाज आला. "घड्याळ मल्लेशनं घेतलंय. बादलीवर चढून. मी बघितलं."

मल्लेशचा उजवा हात चड्डीच्या खिशात होता. अण्णांचा चेहरा लाल झाला, पण आवाज त्यांनी चढवला नाही. "आमचा मल्लेश? बाई, ती वही वाचा जरा. पावण्यांस्नी कळू दे, कोन कसं हाय ते."

बाईंनी वही उघडली. मल्लेशच्या नावापुढं एकेचाळीस तारे होते. सार्थकच्या नावापुढं एकही नव्हता. अण्णांनी वाकून बघितलं आणि पुढचा शेरा स्वतःच मोठ्यानं वाचला, "प्रयत्न आवश्यक." मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "म्या न्हाय लिवलं. बाईंचं अक्षर हाय."

बाईंचंच अक्षर होतं. आणि बाईंना मल्लेशच्या खिशातून डोकावणारं सोनेरी पट्ट्याचं टोकही दिसत होतं. वर्गात खोटं न बोलणारं मूल कोणतं, हे त्यांना कंगवा पाडला त्या दिवसापासून ठाऊक होतं. "मल्लेश, खिसा दाखव," एवढंच म्हणायचं होतं. पण तो खिसा उलटा झाला असता, तर पाचशे अठरा नोंदी, शिबिरं, मार्गदर्शिका हा शब्द आणि सासऱ्यांचा तो एक प्रश्न, सगळं सतरंजीवर येऊन पडलं असतं. बाईंनी वही मिटली. त्या म्हणाल्या, "मुलं लहान आहेत. आपण प्रात्यक्षिक सुरू करू या का?"

मल्लेशला दोष देऊन उपयोग नाही. त्या पोराला घड्याळ नकोच होतं. त्याला तारा हवा होता, तोही पाहुण्यांदेखत. प्रात्यक्षिक हा शब्द ऐकल्याबरोबर तो टुणकन उठला, खिशातून घड्याळ काढून हात उंच केला आणि ओरडला, "बाई, सापडलं!"

सव्वीसपैकी पंचवीस मुलांनी तीन टाळ्या वाजवल्या. गणपतरावांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना नियम माहीत नव्हता. त्यांनी आपलं प्रेमानं विचारलं, "कुठं सापडलं रे बाळा?"

हा प्रश्न मल्लेशला आजवर कुणी विचारला नव्हता. तो गडबडला. त्यानं अज्जाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. मग मघाशी सगळी मोठी माणसं जिकडं बघत होती तिकडं बघितलं आणि बोट केलं. "तिच्या पिशवीत."

पाच मिनिटांपूर्वी ती पिशवी समितीच्या तिघांनी, अण्णांनी आणि बाईंनी आपल्या डोळ्यांनी रिकामी बघितली होती. चुरा अजून सतरंजीवर पडलेला होता. अण्णा म्हणाले, "आतल्या शिवणीत अडाकलं असंल." गणपतराव म्हणाले, "असेल, असेल." समितीच्या उरलेल्या दोघांनी भडंगाच्या बशीकडं बघून मान हलवली.

अंबूबाई अण्णांशी बोलल्या नाहीत, पाहुण्यांशी बोलल्या नाहीत. त्या बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुमच्यासमोर झाडली की वो पिशवी. तुमी बघितलासा."

"अंबूबाई, आत्ता पाहुण्यांसमोर नको," बाई हळूच म्हणाल्या. "आपण नंतर बोलू."

अंबूबाईंनी खाली बसून भाकरी पुन्हा फडक्यात बांधली, स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला आणि सार्थकला हाताशी धरून त्या निघून गेल्या. बाईंना लाज वाटली. नुसतं कसंसं नाही, चांगली लाज वाटली. तरी त्यांनी मल्लेशच्या कपाळाला तारा लावला, कारण छायाचित्र काढायचं होतं.

पुरस्कार मिळाला. अण्णांनी मोठ्या मनानं अंबूबाईंवर पोलिसात तक्रार केली नाही, फक्त कामावरून काढल्याचा निरोप धाडला. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मल्लेश, घड्याळ आणि डबा तिन्ही स्पष्ट दिसत होते. सासऱ्यांनी तो कापून कपाटाच्या काचेला लावला. गडहिंग्लजहून पाहुणे आले, तेव्हा ते म्हणाले, "ही आमची सून. शिक्षिका हाय." शब्द अखेर ऐकायला मिळाला. बाई चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि आधण उकळून आटेपर्यंत गॅससमोर नुसत्या उभ्या राहिल्या. अंबूबाईंशी नंतर बोलायचं, ते राहूनच गेलं. म्हणजे बाईंनीच राहू दिलं. अंबूबाईंची गल्ली चार मिनिटांवर होती.

आठव्या दिवशी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी सार्थक एकटाच दारात आला. त्याच्या हातात एक बोचकं होतं. त्यानं ते टेबलावर सोडलं आणि एकेक वस्तू काढून बाईंच्या हातात दिली. "ही किल्ली. ह्यो टावेल, धुतलाय. ही उसळीची डाव. आजीनं दिलंय. तुमचं हाय म्हणली."

"आणि तू? शाळेत नाही येणार?"

"दुसरीकडं घालणार हाय आजी."

ड्रॉवर उघडून बाईंनी एक चंदेरी तारा काढला आणि त्याच्या कपाळाला लावला. सार्थकनं हात वर नेऊन तारा चाचपला, नखानं अलगद सोडवला आणि परत बाईंच्या तळहातावर ठेवला.

"बाई, मला काय सापडलंच न्हाय की," तो म्हणाला. समजूत घातल्यासारखं म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

तारा तळहाताला चिकटून राहिला. बाईंनी खिडकीतून बघितलं, अंबूबाई तालमीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी नातवाचं बोट धरलं. इकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

"बाई, सापडलं!"

बाई दचकून वळल्या. मल्लेश टेबलापाशी उभा होता. त्याच्या मुठीत एका पायातलं चांदीचं पैंजण लोंबत होतं. मागं सतरंजीवर शिवानी आपल्या उघड्या पायाकडं बघत बसली होती. तिचा ओठ हळूहळू बाहेर येत होता, पण टाळ्या वाजायच्या असल्यामुळं तिनं रडू थांबवून धरलं होतं.

बाई खाली वाकल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मल्लेश, खरं सांग. कुठं सापडलं हे?"

मल्लेशनं त्यांच्याकडं बघितलं. तो घाबरला नव्हता. त्याला बाईंचं नवल वाटत होतं. एवढ्या मोठ्या बाई, शाळेत शिकवतात आणि साधी गोष्ट विसरतात.

"बाई, असं इचारायचं नसतंय," तो म्हणाला. मग वर्गाकडं वळून त्यानं बाईंच्याच ठेक्यात आवाज दिला, "आणून देणाऱ्याला?"

"काही विचारायचं नाही!" मुलं ओरडली. शिवानीही ओरडली.

आणि तीन टाळ्या पडल्या.